परवान्यावरचा डाग : व्यसनातून उठलेल्या परिचारिकांचा प्रश्न

व्यसनातून उठलेल्या माणसाला समाजाने पुन्हा कामावर घ्यावे काय, असा प्रश्न कोणी विचारला तर आपण सारे 'हो' म्हणू. सभेत म्हणू, लेखात म्हणू. पण तोच माणूस उद्या आपल्या आईच्या उशाशी सुई घेऊन उभा राहणार असेल तर? हा दुसरा प्रश्न माझ्यापुढे सभेत आला नाही. तो कामाच्या जागी, एका सहीच्या रूपाने आला. म्हणून तो सविस्तर मांडावासा वाटतो.

आधी स्वतःबद्दल थोडे सांगणे भाग आहे. माझी आई जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी दवाखान्यात आया होती. बेडपॅन उचलणाऱ्या हातांना पाण्याच्या माठापासून कसे दूर ठेवतात, हे मी तिच्याबरोबर वॉर्डात जाऊन पाहिले. वडील दारूत गेले. मी राखीव जागेवर नर्सिंग शिकले, काही वर्षे नोकरी केली आणि पुढे परीक्षा देऊन अमेरिकेत गेले. तिथल्या एका शहरात डायलिसिस केंद्रात मी पाळीची प्रमुख होते. एके दिवशी व्यवस्थापकांनी एक अर्ज माझ्यापुढे ठेवला. अर्जदार बाई कृष्णवर्णीय होती. अतिदक्षता विभागातला तिचा अनुभव माझ्यापेक्षा जास्त होता. परंतु तिच्या परवान्यापुढे एक शब्द होता : प्रोबेशन. अफूजन्य औषधांचे व्यसन, चोरून घेतलेली औषधे, मग उपचार, आणि आता तीन वर्षांचा अटींवरचा परवाना. व्यवस्थापकांनी विचारले, "हिच्यावर देखरेख ठेवायची जबाबदारी तुम्ही घ्याल का?" मी म्हणाले, "विचार करून सांगते."

तो विचार मी कसा केला, आणि तो करताना ही व्यवस्था मला कशी उलगडत गेली, ते येथे सांगते.

हातात किल्ली असलेला माणूस

परिचारिका व्यसनाधीन होते, हे ऐकून लोकांना धक्का बसतो. औषधाचे परिणाम जिला सर्वांत जास्त ठाऊक, तिनेच असे करावे? पण ठाऊक असणे हेच पुष्कळदा कारण ठरते. आपण मात्रा सांभाळू शकतो, असा खोटा भरवसा त्यातून येतो. बारा बारा तासांच्या पाळ्या, रुग्ण उचलून दुखावलेली पाठ, रात्रीची जागरणे, रोज पाहिलेले मरण आणि हाताशी असलेले औषध, या साऱ्यांची गाठ एका दिवशी पडते. अनेकींची सुरुवात डॉक्टरने रीतसर लिहून दिलेल्या वेदनाशामक गोळीने होते.

अमेरिकेत १९७० च्या कायद्याने अशा औषधांचे वर्ग पाडले. मॉर्फिन, फेन्टॅनिल, हायड्रोमॉर्फोन, ऑक्सिकोडोन ही दुसऱ्या वर्गातली, म्हणजे अत्यंत कडक नियंत्रणाखालची. रुग्णालयात ती कुलूपबंद यंत्रात असतात. बोटाचा ठसा किंवा संकेतशब्द दिल्याशिवाय खण उघडत नाही, आणि कोणी किती वाजता काय काढले याची नोंद होते. एका कुपीतले अर्धेच औषध रुग्णाला द्यायचे असेल तर उरलेले दुसऱ्या परिचारिकेच्या देखत टाकून द्यावे लागते आणि दोघींनी नोंद करावी लागते. चोरी बहुधा इथेच होते. साक्षीदार घाईत असते, ती न पाहताच नोंद करते, आणि उरलेले औषध खिशात जाते. कधी रुग्णाच्या नावावर औषध काढले जाते आणि रुग्ण कण्हत पडतो. हे शेवटचे वाक्य मी मुद्दाम लिहिले आहे. व्यसन हा आजार आहे, हे मला मान्य आहे. परंतु या आजारात कण्हणारा दुसराच कोणी असतो, हे विसरून करुणेच्या गोष्टी करता येत नाहीत.

दोन दरवाजे

पूर्वी अशा परिचारिकेला एकच दरवाजा होता, बाहेरचा. १९८२ साली अमेरिकन नर्सेस असोसिएशनने ठराव केला की व्यसनग्रस्त सहकाऱ्यांना शिक्षेआधी उपचाराची संधी मिळावी. फ्लोरिडा राज्याने १९८३ साली त्यासाठी स्वतंत्र योजना सुरू केली, कॅलिफोर्नियाने १९८५ साली. आज बहुतेक राज्यांत अशी काही ना काही सोय आहे.

हा पहिला दरवाजा. परिचारिका स्वतः पुढे येते किंवा मालक तिला पाठवतो. ती काही काळ काम थांबवते, उपचार घेते, करारावर सही करते आणि वर्षानुवर्षे तपासण्या देते. बहुतेक ठिकाणी ही गोष्ट जाहीर होत नाही. करार पाळला तर परवान्यावर डाग राहत नाही.

दुसरा दरवाजा शिस्तभंगाचा. तक्रार बोर्डाकडे जाते, चौकशी होते, आणि परवाना रद्द करून ती रद्द करण्याची शिक्षा स्थगित ठेवली जाते किंवा थेट प्रोबेशन दिले जाते. हे प्रोबेशन जाहीर असते. परिचारिकांचे परवाने तपासण्यासाठी 'नर्सिस' नावाची देशव्यापी नोंदवही आहे. नाव घातले की कोणालाही दिसते. शिवाय केंद्र सरकारच्या माहितीसाठ्यात नोंद जाते, ती रुग्णालये पाहतात.

या दोन दरवाजांमध्ये कोण कुठून जाते? ज्या परिचारिकेला वेळेवर वकील मिळतो, जिचा विमा उपचाराचा खर्च देतो, जिची मेट्रन तिला बाजूला घेऊन समजावते, ती पहिल्यातून जाते. जिच्या बाबतीत थेट पोलीस बोलावले जातात, ती दुसऱ्यातून. कायद्यात रंग लिहिलेला नाही. पण कोणासाठी समज आणि कोणासाठी पोलीस, हे ठरवणारी माणसे रंग पाहतातच. अमेरिकेचा इतिहास त्याला साक्ष आहे. १९८६ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने काळ्या वस्त्यांतल्या क्रॅकला कोकेनच्या पावडरीपेक्षा शंभर पट जड मोजले. पाच ग्रॅम क्रॅक आणि पाचशे ग्रॅम पावडर यांना किमान शिक्षा एकच. २०१० साली ते प्रमाण अठरा पटीवर आणले. बरोबरीवर आणले नाही. पुढे वेदनाशामक गोळ्यांची साथ गोऱ्या गावांत शिरली, तेव्हा 'आजार' हा शब्द एकाएकी सर्वांच्या तोंडी आला. शब्द बरोबर आहे. तो उशिरा का आला, एवढाच प्रश्न आहे.

आणि काळ्या वस्त्या 'आजार' म्हणायला कोणाची वाट पाहत बसल्या नव्हत्या. न्यूयॉर्कच्या साउथ ब्राँक्समधील लिंकन रुग्णालयात १९७० साली पोर्टो रिकन तरुणांच्या यंग लॉर्ड्स संघटनेने, ब्लॅक पँथर्स आणि इतर कार्यकर्त्यांच्या साथीने, जागा ताब्यात घेऊन व्यसनमुक्तीचे केंद्र सुरू करायला लावले. ज्या पँथर्सचे नाव १९७२ साली आपल्या मुंबईच्या तरुणांनी घेतले, त्यांच्या चळवळीचा हा भाग आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे.

अटी कशा असतात

राज्याराज्यांत फरक आहे, पण साचा सारखाच. मुदत बहुधा तीन ते पाच वर्षे. रोज सकाळी फोनवर किंवा संगणकावर हजेरी लावायची. त्या दिवशी नंबर लागला तर ठराविक वेळेत जाऊन लघवीचा नमुना द्यायचा, पुष्कळदा दुसऱ्याच्या डोळ्यांदेखत. पैसे स्वतःचे. नोकरी नसतानाही पैसे स्वतःचेच! आधारगटाच्या बैठका, समुपदेशन, तिमाही अहवाल. अफूजन्य औषधांना काही काळ हात लावायचा नाही. रात्रपाळी, जादा तास, एजन्सीमार्फत काम, रुग्णाच्या घरी जाऊन करायचे काम हे बहुधा वर्ज्य, कारण तिथे देखरेख होत नाही. कामाच्या जागी निर्दोष परवान्याची एक परिचारिका देखरेखीला हवी. तिने दर तीन महिन्यांनी सहीनिशी अहवाल द्यायचा.

बारीकसारीक गोष्टी तर विचारूच नका. दारूचा अंश असलेले खोकल्याचे औषध नको. खसखस नको, कारण ती खाल्ल्यावर लघवीत मॉर्फिन दिसू शकते. दिवाळीत ओळखीच्या एका बाईने दिलेले अनारसे मी केंद्रात नेले. साऱ्यांनी खाल्ले, एकटी ती हात मागे घेऊन उभी राहिली. मला क्षणभर राग आला. आपल्या हातचे कोणी खात नाही, या गोष्टीचा माझ्या मनात एकच अर्थ कोरलेला आहे. मग तिने अनारशावरची खसखस दाखवली, आणि मला माझीच लाज वाटली.

कामाची दारे का बंद होतात

आता मुख्य प्रश्न. परवाना हातात आहे, पण काम मिळत नाही. कारणे नीट वेगळी करून पाहिली पाहिजेत, कारण काही खरी आहेत आणि काही केवळ भीती आहे.

पहिले खरे कारण : रुग्णालयातल्या बहुतेक खाटांवर वेदनाशामके द्यावीच लागतात. जिला ती देता येत नाहीत, तिचे काम दुसरीने करायचे. आधीच माणसे कमी असतात, त्यामुळे सहकारी कुरकुरतात.

दुसरे : ज्याला नियंत्रित औषधांच्या गुन्ह्यात गंभीर शिक्षा झाली आहे, त्याला अशा औषधांपर्यंत पोचता येईल अशा जागी नेमायला केंद्रीय नियमाने मनाई आहे, खास सूट मागावी लागते. गुन्हा शाबीत न होता केवळ बोर्डाचे प्रोबेशन असेल, तर हा नियम लागू होत नाही. पण अर्ज चाळणारे कारकून हा फरक करीत नाहीत.

तिसरे कारण सर्वांत घातक, आणि ते आधी कोणी सांगत नाही. चौकशी सुरू झाली की घाबरलेली परिचारिका म्हणते, 'घ्या तुमचा परवाना, मला नको.' असा परवाना परत केला, की केंद्राचे आरोग्य खाते तिचे नाव मेडिकेअर आणि मेडिकेडच्या बहिष्कृत यादीत घालू शकते. वृद्धांच्या आणि गरिबांच्या उपचाराचा पैसा या दोन योजनांतून येतो. यादीतल्या माणसाला कामावर ठेवणाऱ्या संस्थेला दंड होतो. म्हणजे ती परिचारिका म्हणूनच नव्हे, रुग्णालयात कारकून म्हणूनही लागू शकत नाही. प्रोबेशन अवघड आहे म्हणून परवाना टाकून देणे म्हणजे विस्तवातून निघून फुफाट्यात पडणे.

चौथे : राज्यांच्या करारानुसार एका परवान्यावर अनेक राज्यांत काम करता येते. अटी लागल्या की ही सोय जाते. आपल्या राज्यात काम नाही म्हणून शेजारच्या राज्यात जावे, तर तोही रस्ता बंद.

परदेशातून गेलेल्या आपल्या मुलींसाठी पाचवी गोष्ट सांगते. नागरिकत्व मिळालेले नसेल आणि नियंत्रित औषधांच्या गुन्ह्यात शिक्षा झाली, तर देशाबाहेर काढले जाऊ शकते. तेव्हा बोर्डाच्या वकिलापाशी किंवा पोलिसांपाशी काही कबूल करण्याआधी परवान्याचा वकील आणि स्थलांतराचा वकील, दोघांनाही विचारावे. शरमेपोटी कोणालाच न सांगणे ही आपल्या माणसांची खोड आहे, आणि तिची किंमत फार मोठी असते.

दारे कुठे उघडतात

काम मिळते ते जिथे अफूजन्य औषधे कमी आणि देखरेख सोपी, तिथे. डायलिसिस केंद्र ही त्यातली एक जागा. तिथे रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन वापरतात. ते नियंत्रित औषध नव्हे. मनोरुग्णालये, व्यसनमुक्ती केंद्रे, वृद्धांची निवासी केंद्रे, विमा कंपन्यांत रुग्णांच्या कागदपत्रांची छाननी, फोनवरून सल्ला, लसीकरण, सार्वजनिक आरोग्य, अशी इतर कामे आहेत. अतिदक्षता विभागातून आलेल्या बाईला हे उतरणे वाटते. पगार कमी होतो. पण तासांची नोंद होते, अहवाल जातात, आणि मुदत सरते. पुष्कळ ठिकाणी नोकरीशिवाय काढलेला काळ प्रोबेशनमध्ये धरलाच जात नाही. म्हणून लहान का होईना, काम हवे.

अर्ज करताना लपवू नये. नोंद जाहीर आहे, लपवलेले तासाभरात कळते. पण पहिल्याच ओळीत सारी कर्मकहाणीही लिहू नये. अर्जात विचारले असेल तेवढे खरे लिहावे. मुलाखतीत, अनुभव सांगून झाल्यावर, आपणच विषय काढावा : काय घडले ते दोन वाक्यांत, उपचार केव्हा झाले, व्यसनमुक्त होऊन किती काळ लोटला, अटी कोणत्या, आणि मालकाला नेमके काय करावे लागेल. बोर्डाचा आदेश, तपासण्यांचा अहवाल, जुन्या प्रमुखांची पत्रे बरोबर असावीत. मालकाला अटींपेक्षा अटींचे अज्ञान जास्त भिववते. आमच्याकडे आलेल्या बाईने एका कागदावर लिहून आणले होते : देखरेखदाराने महिन्यात काय करायचे, तीन महिन्यांत काय करायचे. ते वाचल्यावर मला कळले की माझ्या भीतीतली अर्धी भीती कागदाची होती.

कायद्याचा आधारही आहे. १९९० च्या अपंगत्वविषयक कायद्यानुसार जो आज बेकायदा अमली पदार्थ घेत आहे त्याला संरक्षण नाही. पण जो उपचार घेऊन मुक्त झाला आहे, त्याला केवळ पूर्वीच्या व्यसनावरून नाकारता येत नाही. नोकरीत औषधे चोरली म्हणून झालेली शिक्षा मात्र हा कायदा थांबवत नाही. बुप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन ही व्यसनावरची औषधे घेणाऱ्या परिचारिकांना इंडियाना राज्याचे नर्सिंग बोर्ड आपल्या सहाय्य योजनेत घेत नसे. २०२२ साली केंद्राच्या न्याय खात्याने हा कायद्याचा भंग असल्याचे ठरवले. आधारगटांच्या बाबतीतही तसेच. १९३५ साली सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बारा पायऱ्यांत ईश्वराला शरण जाण्याची भाषा आहे. सरकारने कोणावर अशा धार्मिक बैठकांची सक्ती करू नये, असे १९९६ पासून तिथल्या अनेक न्यायालयांनी म्हटले आहे. जिला ईश्वर नको आहे, ती निधर्मी गट मागू शकते. हे आपल्या विचाराच्या माणसांनी मुद्दाम लक्षात ठेवावे.

माझा संशय

मी सही केली. दहा महिने सारे ठीक चालले. मग एक दिवस तिचा नमुना दारूसाठी सदोष आला आणि तिला कामावरून थांबवले. दारूचा अंश शोधणारी ती चाचणी इतकी नाजूक असते की हाताला चोळायच्या अल्कोहोलमिश्रित द्रवानेही ती फसू शकते. २००६ सालीच केंद्राच्या संबंधित संस्थेने इशारा दिला होता की या एका चाचणीवर कोणाचे भवितव्य ठरवू नये. डायलिसिस केंद्रात आम्ही दिवसातून कितीदा हात चोळतो, हे मला माहीत होते. तरीही माझ्या मनात पहिला विचार आला तो असा : 'शेवटी प्यालीच.' माझ्या डोळ्यांपुढे ती नव्हती, माझे वडील होते.

रक्ताची दुसरी, अधिक पक्की तपासणी झाली. तिने दारू घेतली नव्हती. ती कामावर परतली तेव्हा मी माझा संशय तिच्यापाशी कबूल केला. ती म्हणाली, "मी स्वतःवर रोज सकाळी संशय घेते. तो माझा उपचार आहे. पण तुमच्या घरातला संशय मी कशाला वाहू?"

मला उत्तर देता आले नाही.

डाग आणि मुदत

इथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. परवान्यावरचा डाग आणि जातीचा कलंक यांची सरसकट तुलना करणे चूक आहे. अस्पृश्यता कोणाच्या कृत्याची शिक्षा नव्हती. आईने माठाला हात लावला म्हणून पाणी बाटले, यात आईचा गुन्हा कोणता? माझ्या सहकारिणीने मात्र रुग्णाचे औषध घेतले होते, आणि ते ती स्वतः मान्य करीत होती. तिच्यावर अटी लादणे न्यायाचे होते. देखरेखीशिवाय तिला सोडा, असे मी कधीही म्हणणार नाही. उशाशी पडलेल्या रुग्णाचा हक्क पहिला.

साम्य असेल तर ते पुढच्या पायरीवर आहे. न्यायाच्या शिक्षेला मुदत असते. कलंकाला मुदत नसते. तीन वर्षांच्या अटी तीन वर्षांनी संपल्या पाहिजेत. पण पुष्कळ राज्यांत प्रोबेशन संपल्यावरही जुना आदेश नोंदवहीत दिसत राहतो, आणि त्या नोंदीवरून पाचव्या, दहाव्या वर्षीही अर्ज बाजूला टाकले जातात. जिथे शिक्षा संपते आणि वागणूक मात्र बदलत नाही, तिथे शिक्षेचे रूपांतर जातीत होऊ लागते. ज्यांना बिनमुदतीची शिक्षा पिढ्यान्‌पिढ्या भोगावी लागली, त्यांना हे इतरांच्या आधी दिसायला हवे.

आपल्याकडे पाहिले तर प्रश्न याहून मुका आहे. महाराष्ट्रात परिचारिकांची नोंदणी १९६६ च्या कायद्याने होते, आणि गैरवर्तनासाठी नोंदवहीतून नाव काढण्याची तरतूद आहे. पुण्यात १९८६ साली मुक्तांगण सुरू झाले, व्यसनमुक्तीचा विचार गावोगाव पोचला. पण उपचार घेतलेल्या सिस्टरने, वॉर्डबॉयने, सफाई कामगाराने देखरेखीखाली पुन्हा त्याच वॉर्डात काम करावे, अशी रीत आपल्याकडे रुजलेली नाही. पकडले तर बडतर्फी, नाही तर डोळेझाक. या दोहोंत रुग्णही सुरक्षित नाही आणि कामगारही नाही. परिचारिकांच्या संघटनांनी, शिक्षकांनी, कार्यकर्त्यांनी पगाराच्या आणि पाळ्यांच्या मागण्यांबरोबर हीही मागणी मांडली पाहिजे : आजारी पडलेल्या कामगाराला उपचार, परतीच्या स्पष्ट अटी, आणि त्या अटींना स्पष्ट मुदत.

तिची तीन वर्षे पूर्ण झाली. शेवटच्या अहवालावर सही करताना मला फार मोठे काही केल्यासारखे वाटले नाही. बारा अहवाल, बारा सह्या. एका माणसाला पुन्हा कामावर उभे करायला दुसऱ्या माणसाकडून एवढेच लागले. पहिल्या सहीला मी इतके दिवस का घेतले, याचे उत्तर मात्र मी अजून शोधते आहे.